धीट माणसाची कसोटी

सप्टेंबर १९२७ च्या ४ तारखेला नागपुरात महालक्ष्मीच्या मिरवणुकीवरून दंगल उसळली. दोन-तीन दिवसांत २२ माणसे मेली आणि शंभराहून अधिक जखमी झाली. पहिला दगड कोणी उचलला, याची हकिकत हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाज आजही आपापल्या परीने सांगतात. त्याच महिन्यात केंद्रीय विधिमंडळाने भारतीय दंडविधानात २९५ अ हे नवे कलम घातले आणि एखाद्या समाजाच्या धर्माचा जाणूनबुजून, दुष्ट हेतूने अपमान करणे हा गुन्हा ठरवला. कलमाला निमित्त झाले लाहोरचे, नागपूरचे नव्हे. तरी दोन्हीकडे प्रश्न एकच होता: शेजाऱ्याच्या बोलण्याने, वाजवण्याने, लिहिण्याने आपले मन दुखावले तर राज्यसंस्थेने काय करावे? पुढे वीस वर्षांनी नागपूर उच्च न्यायालयात या प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. मुसलमानांविषयीच्या पूर्वग्रहाशी झगडायचे आणि भाषणस्वातंत्र्यालाही धक्का लागू द्यायचा नाही, हे साधायचे असेल तर १९२७ च्या उत्तरापेक्षा ते नागपूरचे उत्तर उपयोगी पडते. या शहराचा शंभर वर्षांचा इतिहासच त्याची साक्ष देतो.

आधी १९२३ कडे जाऊ. त्या वर्षी नागपुरात दोन सत्याग्रह झाले आणि दोन्हींच्या मुळाशी रस्त्यावरच्या मिरवणुकीचा हक्क होता. पहिला झेंडा सत्याग्रह. चरख्याचा तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये जायला सरकारने मनाई केली, तेव्हा १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज निघू लागल्या आणि रोज पकडल्या जाऊ लागल्या. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली आणि अखेर १८ ऑगस्टला झेंडा त्याच रस्त्याने गेला. त्यानंतर काही आठवड्यांतच दुसरा वाद पेटला. मशिदीसमोरून वाद्ये वाजवत मिरवणूक नेण्यास कलेक्टरने बंदी घातली. तिच्याविरुद्ध डॉ. मुंजे आणि डॉ. हेडगेवार यांच्या पुढाकाराने दिंडी सत्याग्रह झाला. वाजतगाजत जाण्याचा भाविकाचा हक्क खरा आणि नमाजाच्या वेळी शांतता मिळावी ही अपेक्षाही रास्त. अशी गुंतागुंत वेळेचा मेळ घालून, दोन मोहल्ल्यांच्या जाणत्या माणसांनी एकत्र बसून सोडवायची असते. ती सरकारी हुकमाने सोडवायला गेल्यावर वाद्य हे भक्तीचे न राहता ताकदीचे झाले आणि शांतता ही प्रार्थनेची न राहता प्रतिष्ठेची झाली. झेंड्याच्या वेळी लोक सत्तेपुढे उभे होते. दिंडीच्या वेळी ते एकमेकांपुढे उभे राहिले. चार वर्षांनी झालेल्या दंगलीची जमीन अशी भुसभुशीत झाली होती.

लाहोरची गोष्टही थोडक्यात सांगायला हवी, कारण त्या कलमाचा जन्म तिथला. १९२४ मध्ये राजपाल या प्रकाशकाने पैगंबरांची टवाळी करणारी एक पुस्तिका काढली. खालच्या न्यायालयाने त्याला शिक्षा केली. मे १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्याला सोडले, कारण दिवंगत धर्मसंस्थापकाची निंदा तेव्हाच्या १५३ अ कलमात बसत नव्हती. गांधीजींनी त्या पुस्तिकेची 'यंग इंडिया'त कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली होती. लेखणीने केलेल्या अपमानाला लेखणीने दिलेले ते उत्तर होते. पण लोकक्षोभ वाढला, आणि सरकारने नवे कलम आणले. त्यावरच्या चर्चेत महंमदअली जिनांनी बजावले की इतिहासलेखन करणारे, सत्यशोधन करणारे आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यांना या कलमापासून संरक्षण मिळालेच पाहिजे. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने, ही अट म्हणूनच कलमात ठळक आहे. कलम झाले, तरी राजपाल वाचला नाही. एप्रिल १९२९ मध्ये एका तरुणाने त्याला भोसकून मारले. कायद्याने मने शांत होतील ही अपेक्षा फोल ठरली. उलट, आपला राग जितका मोठा तितके सरकार जवळ येते, असा धडा सगळ्याच समाजांनी गिरवला. पुढे पुस्तके, चित्रपट, नाटके यांवर बंदी मागणारे मोर्चे सगळ्याच धर्मांच्या आणि जातींच्या नावाने निघाले, ते त्याच धड्याचे पाठांतर होते.

या व्यवस्थेत मुसलमानांविषयीचा पूर्वग्रह कमी होण्याऐवजी वाढतो कसा, हे नीट पाहण्यासारखे आहे. मुसलमान म्हणजे चटकन भडकणारा, विनोद न कळणारा, टीका न सोसणारा समाज, ही या देशात सर्वांत जास्त चालणारी समजूत. एखाद्या मौलवीने किंवा पुढाऱ्याने बंदीची मागणी केली आणि सरकारने ती दंगलीच्या धास्तीने मान्य केली, की या समजुतीवर सरकारी शिक्का बसतो. लाखो मुसलमानांनी ते पुस्तक पाहिलेले नसते, बंदीही मागितलेली नसते. तरी हिशेब त्यांच्या नावावर मांडला जातो. दुसरीकडे बहुसंख्य समाजातले पुढारी प्रत्येक बंदी लांगूलचालन म्हणून नोंदवून ठेवतात आणि आपल्या बंदीच्या मागणीसाठी दाखला म्हणून वापरतात. म्हणजे दुखावलेपणाला दिलेली प्रत्येक सवलत शेवटी पूर्वग्रहाच्याच खात्यात जमा होते.

नागपूर उच्च न्यायालय ९ जानेवारी १९३६ रोजी सुरू झाले. तिथल्या न्या. व्हिव्हियन बोस यांचा भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार या खटल्यातील निकाल १९४७ च्या निकालसंग्रहात आहे. प्रकरण छापील मजकुरावर सरकारने केलेल्या कारवाईचे होते. शब्दांचा परिणाम कोणत्या माणसावर होईल असे धरून मोजायचा, हा त्यातला कळीचा मुद्दा. बोस यांचे म्हणणे असे की तो विवेकी, कणखर, स्थिर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने मोजावा. दुबळ्या, डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. निकाल साम्राज्याच्या अखेरीचा आणि न्यायमूर्ती त्याच साम्राज्याने नेमलेले, तरी ही कसोटी स्वतंत्र भारताच्या न्यायव्यवस्थेने आपलीशी केली. १९८८ मध्ये गोविंद निहलानींची 'तमस' ही मालिका दूरदर्शनवर सुरू असताना ती थांबवावी म्हणून मुंबईहून याचिका झाली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची ही मालिका फाळणीच्या वेळची दंगल कशी घडवली जाते हे दाखवते. तिची सुरुवातच पैसे देऊन मारून घेतलेल्या एका डुकरापासून होते आणि ते डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. अशी मालिका पाहून लोक भडकतील, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने नागपूरची कसोटी लावली आणि याचिका फेटाळली. पूर्वग्रहाचा कारखाना उघडा पाडणारी कलाकृती भावना दुखावण्याच्या नावाखाली बंद पडणार होती. ती वाचवली नागपूरच्या निकालातल्या एका वाक्याने. स्वातंत्र्य आणि पूर्वग्रहाविरुद्धचा लढा एकमेकांच्या आड येतात असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे.

या कसोटीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणारा माणूस आणि प्रत्येक दाढी-टोपीत धोका हुंगणारा माणूस, हे मुळात एकाच जातकुळीचे आहेत. पहिल्याला पुस्तकाची भीती वाटते, दुसऱ्याला शेजाऱ्याची. दोघेही समोरच्या वस्तूकडे न पाहता आपल्या मनातल्या सावलीकडे पाहतात. म्हणून भित्र्या मनाला कायद्याचे माप बनवणे आणि पूर्वग्रहाशी लढणे, ही दोन कामे एकत्र चालूच शकत नाहीत. धीट नागरिक घडवणे हाच दोन्हींचा उपाय. मुसलमान समाजाकडे असा धीटपणा नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी त्याच नागपूर न्यायालयातले दुसरे नाव आठवावे. मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपुरात वकिली केलेले महंमद हिदायतुल्ला १९४६ मध्ये तिथे न्यायाधीश झाले, १९५४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९६८ मध्ये भारताचे पहिले मुस्लिम सरन्यायाधीश. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या माहितीपटाच्या खटल्यात, १९७० मध्ये, त्यांनी चित्रपटांची पूर्वतपासणी घटनाबाह्य ठरवली नाही. पण समाजातल्या सर्वांत दुबळ्या आणि सर्वांत विकृत माणसाला जपण्यासाठी निकोप माणसाने काय पाहावे-वाचावे हे ठरू नये, असे स्पष्ट लिहिले. बोस यांच्या विचाराशी हे किती जुळते, ते सांगायला नको. दोघेही काही काळ त्याच इमारतीत न्यायदान करत होते.

पूर्वग्रहाला खरे उत्तर माहितीचे असते, आणि नागपूरकडे ते भरपूर आहे. हे शहर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्याने इस्लाम स्वीकारला, गादी मिळवली. आणि पुढे त्याच औरंगजेबाचा मुलूख लुटून बंड पुकारले. धर्म एक म्हणजे निष्ठा एक, हे आजचे सोपे समीकरण त्याच्यापाशीच कोलमडते. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानी इथे आणली, गावाला कोट बांधला आणि जुम्मा तलाव घडवला, जो आज गांधीसागर म्हणून ओळखला जातो. चांद सुलतान १७३९ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या विधवा राणीने वारसाच्या भांडणात वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले. १७४३ नंतर सत्ता भोसल्यांची झाली, पण चांद सुलतानाचा मुलगा बुऱ्हाण शहा याचे राजेपण मानाने राहिले आणि भोसल्यांच्या गादीवर बसणाऱ्याला टिळा लावण्याचा मान गोंड राजाकडे राहिला. मराठ्यांच्या राज्यारोहणात मुस्लिम नाव धारण केलेल्या गोंड घराण्याचा हात कपाळाला लागे, ही गोष्ट दंतकथा नव्हे, शहराच्या नोंदीतली आहे. कामठीत जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांना विसाव्या शतकात वेड्यांच्या इस्पितळातून आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यावर आणले तेही एका रघुजीराव भोसल्यांनीच. १९२५ मध्ये बाबा वारले. ताजबागेत त्यांच्या दर्ग्यावर माथा टेकणाऱ्यांची जात-धर्म कोणी विचारत नाही. मोमीनपुऱ्यात आणि कामठीत उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी आणि शहरातल्या कोष्ट्यांनी एकाच बाजारासाठी सूत हाताळले. १९२५ साल नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या स्थापनेमुळे प्रसिद्ध आहे, पण त्याच वर्षी ताजुद्दीन बाबा वारले, हा भाग क्वचितच सांगितला जातो. इतिहासाची निवड झाली की पूर्वग्रह आपोआप तयार होतो. म्हणून बंदी नको, उरलेला इतिहास मांडा.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की शब्द निरुपद्रवी नसतात. शब्दांनंतर दगड येतात. १७ मार्च २०२५ ला नागपुरात हेच झाले ना? खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवावी म्हणून महालात निदर्शने झाली, हिरवी चादर घातलेला पुतळा जाळला गेला. त्या चादरीवर कुराणातल्या आयती होत्या अशी अफवा मोबाइलवरून पसरली, पोलिसांनी ती खोडून काढली, पण तोवर चिटणीस पार्क, हंसापुरी या भागांत दगडफेक आणि जाळपोळ झाली होती. अनेक पोलीस जखमी झाले, जखमींपैकी एका नागरिकाचा पुढे मृत्यू झाला, कित्येक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. या घटनेतली कृत्ये वेगवेगळी करून पाहिली तर उत्तर मिळते. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाचा पुतळा जाळणे हे निदर्शन आहे. कोणाला ते उथळ वाटो वा योग्य. नागपूरला पुतळ्यांचे राजकारण नवे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, सोबत भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंत आणि पुढाऱ्यांपासून परदेशी सत्तांपर्यंत सगळ्यांचे बडगे, म्हणजे पुतळे, निघतात, पाट्यांवर बोचरे शब्द असतात आणि शेवटी सारे जाळले जाते. एकोणिसाव्या शतकापासून हे शहर टवाळी पचवत आले आहे. मात्र खोटी अफवा जाणीवपूर्वक पसरवणे, जमाव घेऊन घरात शिरणे, दगड मारणे, अमुक वस्तीवर चालून जा म्हणणे हे गुन्हेच आहेत, मग ते कोणत्याही घोषणेखाली होवोत. चिथावणीसाठी कायदा पूर्वीही होता, आजच्या न्यायसंहितेतही आहे. एप्रिल २०२३ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना, द्वेषपूर्ण भाषणावर कोणी तक्रार करण्याची वाट न पाहता गुन्हा नोंदवा आणि बोलणाऱ्याचा धर्म पाहू नका, असे आदेश दिले. उणीव कायद्याची नाही. तो सर्वांना सारखा लागत नाही, ही उणीव आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो. मुसलमानांविषयीच्या पूर्वग्रहाविरुद्ध बोलणे म्हणजे इस्लामवरच्या टीकेला चाप लावणे नव्हे का? मुळीच नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर मराठीत हमीद दलवाईंनी कृतीने दिले आहे. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, ही मागणी होती. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांची टीका परखड होती, पण ती मुसलमान माणसाच्या, विशेषतः मुसलमान बाईच्या बाजूने होती. धर्मग्रंथ, रूढी, पैगंबरांचे चरित्र, बादशहांची कृत्ये, सगळे चिकित्सेला मोकळे असले पाहिजे. जानेवारी २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने, इस्लामविरोधी एका पुस्तकावरची राज्य सरकारची बंदी कायम ठेवताना, हा फरक नेमका मांडला: इतर कोणत्याही धर्माप्रमाणे इस्लामवरही टीका करता येते, ती केवळ टीका म्हणून बंदीला पात्र नाही, पण त्या पुस्तकाचा रोख जिवंत माणसांविरुद्ध द्वेष पेटवण्याकडे होता, म्हणून बंदी टिकली. बंदी हाच उपाय होता का, यावर मतभेद असू शकतो. पुस्तक झाकल्याने त्यातला खोटेपणा उघडा पडत नाही. तरी विचार आणि माणूस यांच्यातली ती रेघ बरोबर आहे. औरंगजेबाने देवळे पाडली हे सांगणे म्हणजे इतिहास. त्यासाठी मोमीनपुऱ्यातल्या आजच्या यंत्रमाग कामगाराला जबाबदार धरणे म्हणजे पूर्वग्रह.

तिसरा आक्षेप अल्पसंख्याकांच्या बाजूचा आहे आणि त्यात कटू सत्य आहे. भाषणस्वातंत्र्य बलवानाला परवडते, असे म्हणतात. बहुसंख्याने शिवी दिली तरी ते मत ठरते, मुसलमानाने कविता म्हटली तरी गुन्हा होतो. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून जामनगरला गुन्हा दाखल झाला आणि गुजरात उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला, तेव्हा हा आक्षेप खरा वाटला असेल. पण २८ मार्च २०२५ रोजी, नागपूरच्या दंगलीनंतर अकराव्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. न्या. अभय ओक यांनी निकालात आधार घेतला तो व्हिव्हियन बोस यांच्याच कसोटीचा. भावना दुखावण्याचे कलम जितके रुंद, तितके ते दुबळ्यावर आधी पडते, कारण ते चालवणारे हात सत्तेचे असतात. म्हणून स्वातंत्र्याची रुंद बाजू ही अल्पसंख्याकाच्याच हिताची आहे. शिवाय मुसलमानांना सर्वांत मोठी इजा शब्दांनी नव्हे, कृतींनी होते. दंगलीनंतर २४ मार्चला एका आरोपीचे घर महापालिकेने खटल्याआधीच पाडले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी अशा कारवाईला स्थगिती दिली. पुढे महापालिकेला न्यायालयाची माफी मागावी लागली. मुसलमानांना घर भाड्याने किंवा विकत मिळताना येणाऱ्या अडचणींची नोंद सच्चर समितीने २००६ मध्येच केली आहे. घर नाकारणे, नोकरी नाकारणे, बहिष्कार टाकणे या कृतींवर कायदा कडक व्हावा. त्याने कोणाचेही तोंड बंद होत नाही.

म्हणून नागपूरच्या शंभर वर्षांतून निष्कर्ष निघतो तो साधा आहे. दुखावलेल्या भावनांचे माप घेऊन राज्य चालवले की त्यातून १९२३ चे हुकूम आणि १९२७ ची दंगल निपजते. धीट नागरिकाचे माप घेतले की 'तमस'ही वाचते आणि मुस्लिम कवीही. मुसलमानांवरचा पूर्वग्रह खोडायचा तर त्याला उत्तर द्यावे, त्याची थट्टा करावी, त्याच्यासमोर बख्त बुलंदचा आणि ताजबागेचा इतिहास ठेवावा. आणि माणसाच्या अंगाला, घराला, रोजगाराला हात लागला तर कायद्याने आरोपीचा धर्म न पाहता ताबडतोब कारवाई करावी. हे करण्यासाठी नवे कलम लागत नाही. नागपूरच्या न्यायालयाने लिहून ठेवलेली कसोटी नागपूरकरांनी आधी आपल्याच घरात, आपल्याच व्हॉट्सॲप गटात लावून पाहावी, आणि आलेला प्रत्येक संदेश पुढे पाठवण्याआधी विचारावे: यात विचारावर टीका आहे, की शेजाऱ्यावर हल्ला?